लातूरच्या मातीतला रुस्तम

महाराष्ट्रातील शहरी वाचकाला लातूरचे नाव परिचित झाले ते प्रामुख्याने दोन कारणांनी. एक म्हणजे दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांवर एकेकाळी ठसा उमटवणारा 'लातूर पॅटर्न' आणि दुसरे म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त करणारा भूकंप. या दोन्ही गोष्टींच्या कितीतरी आधी, लातूर हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता तेव्हा, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या खेड्यातल्या एका तरुणाने या भागाचे नाव कुस्तीच्या फडात पोहोचवले होते. हरिश्चंद्र बिराजदार हे त्याचे नाव. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतील सुवर्णपदक विजेते, १९७२ चे रुस्तम-ए-हिंद आणि १९७७ साली बेळगावात सतपालला अस्मान दाखवणारे मल्ल. पुढच्या पिढीतील पहिलवानांसाठी मात्र या साऱ्या बिरुदांपेक्षा एकच संबोधन पुरेसे होते, ते म्हणजे मामा.

बिराजदार यांचा जन्म ५ जून १९५० चा. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा जेमतेम पावणेदोन वर्षे झाली होती. निलंगा तालुका त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा अस्तित्वात आला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी, म्हणजे बिराजदारांची मैदानी कारकीर्द जवळपास संपल्यावर. रझाकारांच्या दहशतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, पाण्याची ओढ असलेल्या आणि कोरडवाहू ज्वारीवर जगणाऱ्या या मुलखात मनोरंजनाची साधने ती किती असणार? भजन, तमाशा आणि कुस्ती. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, कुस्त्यांच्या फडाशिवाय ती पूर्ण होत नसे. हा फड सुरू होई तो पोराटोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी. मग हलगीच्या ठेक्यावर एक-दोन रुपयांच्या, पाच-दहा रुपयांच्या जोडी लागत आणि दिवस मावळताना मानाची शेवटची कुस्ती होई. ती मारणाऱ्याला फेटा, चांदीचे कडे आणि रोख इनाम मिळे. गावात मिरवणूक निघे ती वेगळीच.

मराठवाड्याकडे माती होती, हाडापेराने मजबूत पोरेही होती. नव्हता तो राजाश्रय. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला जे दिले ते महाराष्ट्रात अन्यत्र कोणाला मिळाले नाही. पेठापेठांत तालमी, मल्लांना खुराक, आणि १९१२ साली उभे राहिलेले, कोणत्याही कोपऱ्यात बसले तरी हौदातील कुस्ती स्पष्ट दिसावी असे बांधलेले खासबाग मैदान. स्वातंत्र्यानंतर संस्थान गेले, तरी तालमी टिकल्या. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्यामुळे तर साठच्या दशकात कोल्हापूरला कुस्तीची पंढरी हे नाव पक्के चिकटले. साहजिकच मराठवाड्यातील ज्या पोराला पंचक्रोशीच्या पलीकडे जायचे असेल त्याची वाट कोल्हापूरकडेच वळे. लातूरहून मिरजेपर्यंत तेव्हा बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी रडतखडत धावत असे आणि मिरजेहून कोल्हापूर फार लांब नव्हते. पण वाट रुळांची असली तरी प्रवास सोपा नव्हता. घर सोडायचे, तालमीच्या फळीवर झोपायचे, स्वतःचे जेवण स्वतः रांधायचे आणि वस्तादाच्या शब्दाबाहेर जायचे नाही, अशी ती शिस्त होती.

बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडले. गंगावेश ही शहरातील जुन्या आणि नामांकित तालमींपैकी एक. तिथला दिवस कोंबडा आरवण्यापूर्वी सुरू होई. आधी हौद खणायचा. तेल, ताक, हळद आणि लिंबू पाजून मऊ केलेली तांबडी माती खोऱ्याने वरखाली करणे हाच एक व्यायाम असतो. त्यानंतर जोर, बैठका आणि मग थोरल्या पहिलवानांशी लढत. उन्हे वर आल्यावर थंडाई, दूध, तूप आणि विश्रांती. दुपार कलली की पुन्हा मेहनत. बदाम आणि तुपाचा हा खुराक परवडणे ही शेतकऱ्याच्या घराची मोठीच परीक्षा असते. घरात पहिलवान असणे म्हणजे दारात हत्ती बांधण्यासारखेच. जोवर मोठ्या कुस्त्या मिळत नाहीत तोवर खर्च घराचा, आणि मोठ्या कुस्त्या मिळतीलच याची हमी कोणी देत नाही.

आज पिंजऱ्यात लढल्या जाणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या पिढीला व्यावसायिक लढवय्या ही काहीतरी नवीन आणि परदेशी गोष्ट वाटते. वस्तुतः मातीवरचा मल्ल हा शंभर टक्के व्यावसायिक होता. त्याला पगार नव्हता, निवृत्तिवेतन नव्हते, विमा तर नव्हताच. मैदान भरवणारे ठेकेदार जोड ठरवत, दोन्ही बाजूंशी इनामाची बोलणी होत, गावोगाव भिंतीपत्रके लागत आणि तिकीट काढून हजारो लोक येत. पहिलवानाची किंमत ठरे ती त्याच्या मागच्या कुस्तीवर. एक मोठी कुस्ती हरली की पुढच्या हंगामातील इनाम घसरे. खांदा निखळला किंवा गुडघा गेला की हंगामच संपे आणि कित्येकदा कारकीर्दही. मुंबईत वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना त्याच काळात तुफान गर्दी होई. त्या लढतींत नाट्याचा भाग किती आणि झुंजीचा किती, यावर वाद घालण्यात मुंबईकरांच्या संध्याकाळी सरत. कोल्हापूर-सांगलीच्या मैदानात असा वाद घालायला वाव नव्हता. पाठ मातीला लागली की खेळ संपला, आणि ती लागली की नाही हे वीस हजार डोळे पाहत असत.

महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने सुरू केली ती १९६१ साली औरंगाबादेत. म्हणजे या किताबाचा जन्म मराठवाड्यातला. पण पहिल्या वर्षांत त्यावर नाव कोरले ते दिनकर दह्यारी, भगवान मोरे, गणपत खेडकर, दीनानाथसिंह आणि चंबा मुत्नाळ यांनी. १९६९ ची स्पर्धा लातूरला भरली. घरचे मैदान, घरची माणसे आणि अवघे एकोणीस वर्षांचे वय. घरच्या मैदानावर लढणे हे पहिलवानाच्या दृष्टीने वरदान असते तसेच ओझेही. परगावी हरलेला मल्ल रात्रीच्या गाडीने निघून जातो, घरी हरलेल्याला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून चालावे लागते. बिराजदार जिंकले. निलंग्याच्या पोराने लातुरात महाराष्ट्र केसरी व्हावे, यापेक्षा या भागाला दुसरे काय हवे होते?

पुढच्याच वर्षी, जुलै १९७० मध्ये, स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे नववी राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाली. भारताने त्या स्पर्धेत पाच सुवर्णपदके मिळवली आणि पाचही कुस्तीत. वेदप्रकाश, सुदेशकुमार, उदयचंद, मुख्तियारसिंह आणि हरिश्चंद्र बिराजदार. बिराजदारांचा वजनगट ८२ किलोंचा होता. उत्तर भारतातील आखाड्यांचे वर्चस्व असलेल्या त्या चमूत वयाची विशी नुकतीच गाठलेला मराठवाड्याचा हा गडी उभा राहिला ही बाब साधी नव्हती. त्याहून अवघड होता तो मातीवरून गादीवर जाण्याचा बदल. मातीवरची कुस्ती चितपटीने संपते. तिथे दम, ताकद आणि वाट पाहण्याची तयारी यांना महत्त्व. गादीवर ठरावीक मिनिटांच्या फेऱ्या, गुणांचा हिशेब आणि पंचांची शिट्टी. पायाला मातीची पकड मिळत नाही, अंगाला माती नसल्याने घामट हात निसटतो. ज्या काळात महाराष्ट्रातील बहुतेक तालमींनी गादी पाहिलीही नव्हती, त्या काळात बिराजदारांनी ती आत्मसात करून सोने आणले.

या पदकाची एक उपेक्षा मात्र नोंदवलीच पाहिजे. परदेशी नोंदवह्यांत बिराजदार हे आडनाव राजिंद्र असे विस्कटून गेले. त्यामुळे पदकांच्या जुन्या याद्या चाळणाऱ्याला त्यात लातूरचा मल्ल आहे हे चटकन कळत नाही. क्रिकेटमधील एखाद्या अर्धशतकाची तारीखवार आठवण ठेवणाऱ्या आपल्या देशात राष्ट्रकुल सुवर्णविजेत्याचे आडनाव असे हरवून जावे आणि त्याची कोणाला खंत वाटू नये, हे कुस्तीच्या वाट्याला आलेल्या दुर्लक्षाशी सुसंगतच म्हणायचे.

१९७२ साली बिराजदार रुस्तम-ए-हिंद झाले. कुस्तीतील किताबांची नावे नवख्याला गोंधळात टाकतात. हिंदकेसरी, भारत केसरी, रुस्तम-ए-हिंद या स्पर्धा वेगवेगळ्या, त्यांचे संयोजक वेगळे. रुस्तम हा फिरदौसीच्या शाहनाम्यातील महापराक्रमी वीर. त्याचे नाव मल्लांना बिरुद म्हणून देण्याची प्रथा उत्तरेकडची, आणि गामा पहिलवानाला तर रुस्तम-ए-जमाँ म्हणून सारे जग ओळखत होते. त्या परंपरेतील किताब मराठवाड्यात आला ते वर्ष मात्र विसरता येण्यासारखे नाही. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळत होता आणि मराठवाड्याला त्याची झळ सर्वाधिक होती. विहिरी आटलेल्या, जनावरे चाऱ्याविना मेलेली आणि जमिनीचे मालकही खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेलेले. लाल सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्या त्या माणसांना आपल्यातला एक जण हिंदुस्थानचा रुस्तम झाल्याची बातमी मिळाली, तेव्हा तिचे मोल निव्वळ क्रीडापानापुरते राहिले नव्हते.

बिराजदारांचे नाव आजही ज्या एका कुस्तीसाठी सर्वाधिक घेतले जाते ती झाली १९७७ साली बेळगावात. प्रतिस्पर्धी होते दिल्लीचे सतपाल. गुरू हनुमान यांच्या आखाड्यातील हा मल्ल तेव्हा बावीस वर्षांचा होता. १९७४ मध्येच, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. उंचापुरा देह, प्रचंड ताकद आणि गादी व माती दोन्हींवर हुकमत. महाराष्ट्रातील मैदानांवर सतपालचे नाव लागले की तिकिटे हातोहात खपत, कारण सतपालला कोण रोखणार हा त्या काळातील महाराष्ट्रापुढचा मोठाच प्रश्न होता. उत्तरेचा मल्ल विरुद्ध मराठी मल्ल या जोडीला नेहमीच एक वेगळी धार असते. बेळगावसारख्या गावात, जिथे भाषेचा प्रश्न रोजच्या जगण्याचा भाग आहे, ती धार अधिकच तीव्र झाली असल्यास नवल नाही. चंबा मुत्नाळांसारखा महाराष्ट्र केसरी दिलेला तो मुलूख, तिथला प्रेक्षक दर्दी.

बिराजदार तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. कुस्तीत हे वय म्हातारपणाचे नव्हे, पण पाच वर्षांनी लहान, चढत्या बहरातील मल्लापुढे उभे राहताना ते जाणवते. शिवाय गमावण्यासारखे बिराजदारांकडेच अधिक होते. सतपाल हरले असते तर ती तरुण मल्लाची एक हार ठरली असती. बिराजदार हरले असते तर महाराष्ट्र केसरी, राष्ट्रकुल सुवर्ण आणि रुस्तम-ए-हिंद या तिन्हींवर एकदमच माती पडली असती आणि त्यांचा काळ सरला अशी हाकाटी गावोगाव पिटली गेली असती. मोठे नाव झालेले कित्येक मल्ल अशा वेळी जोड टाळतात. काही ना काही कारण निघते, इनाम जमत नाही, तारीख जुळत नाही. बिराजदारांनी ती टाळली नाही. ते हौदात उतरले आणि त्यांनी सतपालला चीत केले.

या विजयाचे वजन समजून घ्यायचे तर सतपाल यांची पुढची वाटचाल पाहावी. १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण. १९८३ मध्ये ते पद्मश्री झाले. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये त्यांनी घडवलेल्या सुशीलकुमारने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकले. बेळगावात बिराजदारांनी पाडला तो असा मल्ल होता.

मैदान सुटल्यानंतर पहिलवानाचे काय होते, याचे चित्र महाराष्ट्रात फारसे सुखावह नाही. मेहनत थांबते, खुराकाची सवय थांबत नाही, सांधे बोलू लागतात आणि सत्काराचे फेटे घरच्या खुंटीवर धूळ खात राहतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव १९८४ मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर. बिराजदारांनी या वाटेवर वेगळे वळण घेतले. त्यांनी पुण्यातील गोकुळ वस्ताद तालीम ही आपली कर्मभूमी केली आणि ते वस्ताद झाले.

त्यांच्या आयुष्यातील अधिक मोठे काम हेच, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. किताब मिळवणाऱ्या मल्लांची महाराष्ट्रात वाण नाही, पण आपल्याला जे जमले ते दुसऱ्याच्या अंगात उतरवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातही बिराजदारांचे वैशिष्ट्य असे की ते मातीचे अभिमानी असले तरी मातीचे आंधळे भक्त नव्हते. एडिंबऱ्याच्या गादीवर त्यांनी स्वतः अनुभव घेतला होता. जगातील पदके गादीवर मिळतात, तेव्हा महाराष्ट्रातील पोरांना गादीवर आणले पाहिजे हे त्यांना पटलेले होते. मैदानातील इनामावर ज्यांचे घर चालते त्या पहिलवानांना हे पटवणे सोपे नव्हते. जत्रेतील एका रात्रीत रोख पैसा मिळतो, गादीवरच्या पदकासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते आणि तरीही पदरात काही पडेलच असे नाही. कोल्हापूरची मक्तेदारी ओसरून नव्वदच्या दशकानंतर पुणे हे महाराष्ट्राच्या कुस्तीचे दुसरे केंद्र बनले. त्याला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत उभारलेल्या सुविधा जशा कारणीभूत, तशीच मामांसारख्या वस्तादांची तालीमही.

लातूर जिल्ह्यातील साई गावचे काका पवार याच तालमीत वाढले. त्यांचा प्रकार ग्रीको-रोमन, ज्यात कमरेखाली हात घालायलाच मनाई. पट आणि टांग हा मातीतल्या कुस्तीचा श्वास. मातीतल्या वस्तादाचा चेला नेमक्या त्या प्रकारात आंतरराष्ट्रीय पदके मिळवतो आणि १९९८ चा अर्जुन पुरस्कार पटकावतो, ही गोष्ट बिराजदारांच्या दृष्टीच्या मोकळेपणाबद्दल बरेच काही सांगते. स्वतः बिराजदारांची दखल केंद्र सरकारने घेतली ती २००६ साली, ध्यानचंद जीवनगौरव पुरस्कार देऊन. एडिंबऱ्याच्या सुवर्णपदकाला तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हा मामांचा अखेरच्या काळातील आवडता शिष्य. त्याला आंतरराष्ट्रीय गादीवर मोठे झालेले पाहण्याची त्यांची इच्छा होती. ती पुरी होण्याआधीच, १४ सप्टेंबर २०११ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बिराजदार यांचे निधन झाले. राहुल तेव्हा विशीत होता. पुढे त्याला काका पवारांनी आपल्या कात्रजच्या संकुलात सामावून घेतले. एका शिष्याने गुरूच्या दुसऱ्या शिष्याचे वस्तादपण पत्करले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची संधी राहुलच्या हातून निवडीच्या वादात निसटली आणि अनेकांनी त्याची कारकीर्द संपल्यात जमा केली. १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेच्या ५७ किलो गटात त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला हरवून सुवर्ण जिंकले आणि ते दिवंगत मामांना अर्पण केले. गुरूच्या राष्ट्रकुल सुवर्णानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी शिष्याचे सुवर्ण. २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत राहुलने ६१ किलो गटात कांस्यपदकही मिळवले.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, म्हणजे बिराजदारांच्या घराण्यातली तिसरी पिढी. एकाच तालमीत रोज एकमेकांशी सराव करणारे, एकमेकांचे डाव तोंडपाठ असलेले दोन मल्ल किताबासाठी समोरासमोर आले होते. कुस्ती अखेरपर्यंत अटीतटीची झाली आणि हर्षवर्धनने ती ३-२ अशी जिंकली. निकाल जाहीर होताच त्याने पराभूत शैलेशला खांद्यावर उचलून घेतले आणि मैदानात फिरवले.